लाल शाईतली पांढरी कावीळ आणि राहून गेलेलं बीपी

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या उपकेंद्रांवर गरोदर बाया सकाळीच येऊन बसतात. वावरात पोचायची घाई असते. सिस्टरनं कार्ड उघडलं, की एखादीच्या पानावर लाल शाईत दिसतं, ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’. म्हणजे हिपॅटायटिस बी, गावच्या बोलीत पांढरी कावीळ. घरी तिचं ताट-गिलास वेगळं झालेलं असतं. सोबत आलेली सासू विचारते, “याच्यानं बीपी बी वाढते म्हंतात, खरं हाय काय वो बाई?”

प्रश्न रास्त आहे, कारण यकृत आणि गरोदरपणातलं बीपी यांचं नातं खरंच जवळचं आहे. पण ते उलट्या बाजूनं: गरोदरपणातलं बीपी यकृताला त्रास देतं.

हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः मारत नाही. त्याला हुसकायला निघालेली आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते. जन्माच्या वेळी लागण झालेल्यांमध्ये ही प्रतिकारशक्ती बहुधा वर्षानुवर्षं शांत असते. म्हणून विशीतल्या पॉझिटिव्ह बाईला काहीच त्रास जाणवत नाही. अशा बायांमध्ये बीपीचा धोका वाढतो का, हे अनेक देशांत पाहिलं गेलं. निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही पाहण्यांत तर तो किंचित कमीच दिसला. विषाणूला सांभाळून घेणारं शरीर वारेलाही (पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटालाही) सांभाळून घेत असावं, असा त्यावर एक तर्क आहे. यकृत आकसून सिरॉसिस झाला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं धोका वाढतो.

गरोदरपणातल्या बीपीचं मूळ वारेत असतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या नीट रुंद झाल्या नाहीत, की वार काही द्रव्यं आईच्या रक्तात सोडते आणि अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 वर जातं, लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं. यकृतही सुजतं, त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि उजव्या बरगडीखाली दुखतं, मळमळतं. काहींच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात. या अवस्थेला 1982 साली हेल्प सिंड्रोम हे नाव मिळालं.

मला खरी भीती इथंच वाटते. कार्डावर लाल शाई असलेल्या बाईच्या पोटात उजवीकडे दुखलं, की घरचे म्हणतात, “कावीळ उलटली.” मग गळ्यात काविळीची माळ पडते, झाडपाला सुरू होतो. बीपी मोजायचं राहून जातं आणि बाई झटके येऊनच दवाखान्यात पोचते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, उजवीकडची ही कळ, यांतलं काहीही झालं तर जुना रिपोर्ट काहीही असो, त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासलीच पाहिजे.

पांढऱ्या काविळीचा खरा धोका बाळाला असतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांमध्ये ती कायमची राहते. म्हणून पहिल्या 24 तासांत लस, आणि शक्य तिथं सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन. आईच्या रक्तात विषाणू फार असतील, तर शेवटच्या तीन महिन्यांत डॉक्टर विषाणूची वाढ रोखणारी टेनोफोविरची गोळी देतात. आईनं दूध खुशाल पाजावं. अन् ताट-गिलासानं हा रोग पसरत नाही हो, तिला पंक्तीत बसवा!

राहिलं बीपी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथं ते मोजतातच. फक्त दोन किलोमीटर चालत आलेल्या बाईच्या दंडाला लगेच पट्टा बांधू नये. पाच मिनिटं तिला पाठ टेकून बसू द्यावं, पाय जमिनीला टेकलेले, दंड छातीच्या पातळीवर. आकडा 140/90 किंवा वर आला तर चार तासांनी पुन्हा मोजायचा, 160/110 आला तर थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा. वेचणी उद्या होईल.