लिफ्टचा ब्रेक आणि सेफ्टी गिअर: दोर तुटला तर नेमकं कोण धरतं?

लिफ्टचा दोर तुटला तर काय होईल, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, “ब्रेक लागतो ना!” लिफ्ट खाली कोसळत नाही, हे त्यातलं खरं. पण लिफ्टच्या कामातली माणसं ज्याला ब्रेक म्हणतात, तो दोर तुटल्यावर काहीही करू शकत नाही. त्या क्षणी केबिन धरणारी वस्तू वेगळी, तिची जागा वेगळी आणि तिला कामाला लावणारी यंत्रणाही वेगळी. तिचं नाव सेफ्टी गिअर. दोन्हींना सरसकट ब्रेक म्हटल्यामुळे आपण दोर तुटण्याची भीती बाळगतो, आणि जिथे खरोखर डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं तो भाग मात्र नजरेआड राहतो.

आधी लिफ्ट टांगलेली कशी असते ते पाहू. वर मोटरला जोडलेलं एक खाचांचं चाक असतं. पोलादी तारांचे दोर त्या चाकावरून जातात. त्यांच्या एका टोकाला केबिन असते, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट. काउंटरवेटचं वजन रिकाम्या केबिनइतकं, अधिक केबिनच्या क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के. म्हणजे हा एक तराजूच आहे. केबिन जवळपास अर्धी भरलेली असली की दोन्ही पारडी सारखी. पूर्ण भरली की केबिनचं पारडं जड, आणि रिकामी असली की काउंटरवेटचं. रिकामी किंवा एकट्या माणसाला घेऊन निघालेली लिफ्ट मोकळी सोडली तर ती खाली पडणार नाही, वर जाईल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

आता ब्रेक. तो मोटरपाशी, चाकाच्या आसावर किंवा चाकाला लागूनच बसवलेला असतो. जोरदार स्प्रिंगा त्याचे पॅड सतत दाबून ठेवतात. लिफ्ट चालवायची असेल तेव्हा विद्युतचुंबकात वीज सोडून तो उघडावा लागतो. वीज गेली की चुंबक सुटतो आणि स्प्रिंगा ब्रेक बंद करतात. म्हणून वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यांच्या अधेमधे थांबते, घसरत नाही. ब्रेक लावायला वीज लागत नाही, सोडायला लागते. लिफ्टमधल्या सुरक्षेचा हा सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात सुंदर वाटणारा विचार आहे.

आजच्या लिफ्टमध्ये मजल्यापाशी वेग कमी करण्याचं काम मोटरच करते. केबिन थांबली की मग ब्रेक चाकाला धरून ठेवतो. आणीबाणीत मात्र चालत्या लिफ्टला थांबवायची ताकद त्याच्यात हवी. युरोपातल्या ईएन ८१ या मानकानुसार क्षमतेच्या १२५ टक्के भार घेऊन पूर्ण वेगाने खाली येणारी केबिन एकट्या ब्रेकला थांबवता आली पाहिजे. ब्रेकचे यांत्रिक भागही दोन स्वतंत्र संचांत असावे लागतात, म्हणजे एक निकामी झाला तरी दुसरा उरतो.

हे सगळं चोख असलं तरी ब्रेक धरतो कशाला? चाकाला. केबिन आणि चाक यांच्यातला दुवा म्हणजे दोर. दोरच गेला तर वर चाक कितीही घट्ट धरलेलं असो, खाली केबिनला त्याचा पत्ता नसतो. दोर चाकाच्या खाचांतून घसरू लागले तरी हीच गत. चाक जागच्या जागी, केबिन चालतीच.

सेफ्टी गिअर बसतो तो थेट केबिनच्या सांगाड्यावर, बहुधा खालच्या बाजूला, दोन्हीकडच्या गाइड रेलपाशी. या रेल म्हणजे लिफ्टच्या शाफ्टमध्ये, केबिन ज्या उभ्या पोकळीतून ये-जा करते तिच्यात, तळापासून वरपर्यंत गेलेले पोलादी रूळ. रेलच्या दोन्ही अंगांना पाचरी किंवा रोलर काही मिलिमीटर अंतर राखून उभ्या असतात. त्या वर ओढल्या गेल्या की निमुळत्या जागेत शिरतात आणि रेलवर आवळतात. केबिन जितकी खाली जाऊ पाहील, तितक्या त्या अधिक घट्ट बसतात. इथे केबिनचं स्वतःचं वजनच तिला पकडायला मदत करतं. दोर, चाक, मोटर, वीज यांपैकी कशाचीही गरज नाही.

पण या पाचरी ओढतं कोण? गव्हर्नर. त्याचा स्वतःचा एक वेगळा, बारीक दोर असतो. तो शाफ्टच्या माथ्यावरच्या गव्हर्नरच्या चाकावरून आणि तळातल्या ताण देणाऱ्या पुलीखालून गोल फिरलेला असतो, आणि सेफ्टी गिअरच्या तरफेला जोडलेला असतो. केबिन चालली की हा दोर तिच्याबरोबर चालतो, गव्हर्नरचं चाक फिरतं. चाकावरची वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात. ठरलेल्या वेगाच्या किमान ११५ टक्क्यांवर गेल्यावर गव्हर्नर आपला दोर पकडतो. दोर थांबला, केबिन मात्र खाली चाललेली. साहजिकच तरफ वर ओढली जाते आणि पाचरी रेलवर आवळतात.

हे किती लवकर होतं याचा हिशेब शाळेतल्या गणितानेही करता येतो. सेकंदाला १ मीटर वेगाची लिफ्ट घ्या. सगळे दोर एकदम तुटले आणि थांबलेली केबिन मोकळी पडू लागली, तर सेकंदाला १.१५ मीटर वेग गाठायला तिला सुमारे ७ सेंटिमीटर पडणं पुरतं. सेकंदाला २.५ मीटर वेगाच्या लिफ्टमध्ये गव्हर्नर १५ टक्के जास्त वेगाला लावलेला असेल, तर हे अंतर अर्ध्या मीटरहून कमीच येतं. त्यात पाचरी आवळून केबिन पूर्ण थांबेपर्यंतचं अंतर मिळवायचं. मनात जी दहा मजली कोसळण आपण रंगवतो, तिला सुरुवात व्हायलाच वाव नाही.

थांबवण्याचीही रीत असते. संथ लिफ्टमध्ये पाचरी रेलला जवळपास तत्क्षणी चावतात. वेगवान लिफ्टमध्ये असं केलं तर आतल्या माणसांनाच इजा होईल. म्हणून तिथे घसरत घसरत थांबवणारा सेफ्टी गिअर वापरतात. पूर्ण भरलेली केबिन मोकळी पडत असताना त्याने वेग सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ०.२ ते १ पट या दराने कमी करावा, अशी मर्यादा मानकात आहे. १ पटीला पाय जड होतात, शरीराचं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं. उभ्या माणसाला ते सोसतं.

दोन्हींची गल्लत होण्याला एक खरं कारणही आहे. गव्हर्नरवर एक विजेचा स्विचही असतो. वेग वाढला की हा स्विच मोटरची आणि ब्रेकच्या चुंबकाची वीज तोडतो. म्हणजे गव्हर्नर ब्रेकलाही बोलावतो आणि सेफ्टी गिअरलाही. दोर शाबूत असताना नुसता वेग वाढला, तर अनेकदा ब्रेकच केबिन आवरतो आणि पाचरींवर वेळ येत नाही. दोर नसतील तर ब्रेक लागतो खरा, पण त्याने थांबतं ते फक्त चाक.

इतिहासात डोकावलं तर पहिली कल्पना दोरापासूनच सुरू झालेली दिसते. अमेरिकी संशोधक एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात उंचावरच्या फळीवर उभं राहून तिचा दोर तोडायला लावला. फळी जराशी खचून थांबली. त्यांच्या रचनेत दोराचा ताण गेला की स्प्रिंग मोकळी होई आणि बाजूच्या दातेरी खांबांत अडकण बसे. १८५७ मध्ये न्यूयॉर्कमधल्याच हॉवट यांच्या दुकानाच्या इमारतीत त्यांची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. पण नीट पाहा, ती अडकण दोर तुटला तरच काम करणारी होती. दोर शाबूत राहून केबिन बेफाम सुटली तर ती जागची हलली नसती. पुढच्या सेफ्टी गिअरने दोराच्या ताणाऐवजी वेगाकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. वेग का वाढला याच्याशी गव्हर्नरला देणंघेणं नाही. दोर तुटो, ब्रेक निकामी होवो किंवा दोर चाकावरून घसरोत, खाली जाण्याचा वेग वाढला की पकड बसते. माझ्या मते ओटिस यांच्या प्रात्यक्षिकाइतकीच या बदलाची महती सांगितली जायला हवी.

आणि दोर तुटणं तसं आहेच दुर्मीळ. दोर एकच नसतो, अनेक असतात. ईएन ८१ प्रमाणे तीन किंवा अधिक दोरांच्या लिफ्टमध्ये प्रत्यक्ष पडणाऱ्या भाराच्या किमान १२ पट ताकद दोरांत असावी लागते. सगळे एकदम तुटण्याची नोंदलेली प्रसिद्ध घटना घडवायला एक विमान लागलं. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात अमेरिकी लष्कराचं बी-२५ बॉम्बर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं. एका लिफ्टची चालक तरुणी ७५ मजले खाली गेली. तिथे सेफ्टी गिअर का लागला नाही? कारण धडकेत गव्हर्नरचा दोरही तुटला होता. पाचरी होत्या, त्या ओढणारं कुणी उरलं नव्हतं. ती गंभीर जखमी झाली, पण वाचली. तळाशी साचलेल्या तुटक्या दोरांच्या ढिगाने आणि शाफ्टमध्ये दाबल्या गेलेल्या हवेने तिचा आघात कमी केला, असं मानलं जातं. शाफ्टच्या तळातले बफर, म्हणजे केबिनचा धक्का झेलणारी साधनं, अशा पडण्यासाठी नसतातच. गव्हर्नर कामाला लागतो त्या वेगापर्यंत आलेली केबिन सावरण्याइतकीच त्यांची ताकद असते.

आता त्या तराजूकडे परत येऊ. ब्रेक निकामी झाला आणि केबिनमध्ये एक-दोनच माणसं असली, तर केबिन वर सुटते. जुन्या पद्धतीचा सेफ्टी गिअर फक्त खाली जाताना पकडतो, वर जाताना त्याच्या पाचरी आवळत नाहीत. म्हणजे तुटलेल्या दोरावरचा अचूक इलाज इथे निरुपयोगी. दार उघडं असताना केबिन हलली तर परिस्थिती याहून वाईट. वेग अजून वाढलेलाच नसतो, म्हणून गव्हर्नरही गप्प असतो, आणि तेवढ्यात उंबरठ्यावरचा माणूस सापडतो.

३ जून २००६ रोजी टोकियोच्या मिनातो भागात नेमकं हेच झालं. दार उघडं असताना लिफ्ट वर निघाली आणि १६ वर्षांच्या मुलाचा त्यात जीव गेला. दोर शाबूत होते. तपासात ब्रेकचा दोष पुढे आला. चुंबकाच्या कॉइलमध्ये बिघाड झाल्याने ब्रेक पूर्ण उघडत नव्हता, पॅड चाकाला घासत राहिले आणि झिजत गेले. ब्रेक एरवी झिजतो तो थोडाच, कारण तो बहुतेक वेळा थांबलेल्या चाकाला धरतो. घासत चालू लागला की हिशेब बदलतो. दार उघडं असताना केबिन हलू न देणारी वेगळी यंत्रणा जपानने २००९ पासून नव्या लिफ्टमध्ये बंधनकारक केली. ईएन ८१ मध्येही अशी तरतूद आली. वर जाताना सुसाट सुटण्याविरुद्धची सोय त्यात त्याआधीच होती.

वर सुटणाऱ्या केबिनला आवरायचे तीन-चार मार्ग आहेत. दोन्ही दिशांना पकडणारा सेफ्टी गिअर, दोरांनाच चिमट्यात धरणारा रोप ब्रेक, काउंटरवेटवर बसवलेला सेफ्टी गिअर, किंवा थेट खाचांच्या चाकावर काम करणारा दुहेरी ब्रेक. शेवटचा पर्याय गिअर नसलेल्या मोटरमध्ये सर्रास वापरतात. म्हणजे वरच्या दिशेच्या धोक्यात ब्रेकच पुन्हा मुख्य रक्षक ठरतो, कारण तिथे दोर शाबूत असतात आणि चाक धरलं की केबिन धरली जाते. खालच्या दिशेला, दोर नसताना, तोच ब्रेक कुचकामी. कोणती वस्तू जास्त सुरक्षित, हा प्रश्नच त्यामुळे चुकीचा. ब्रेक निकामी झाला तर खाली येताना सेफ्टी गिअर आहे. दोर गेले तर सेफ्टी गिअरच आहे. वर जाताना आणि दारापाशी मात्र सगळा भरवसा ब्रेकवर, किंवा त्यासाठी खास बसवलेल्या साधनावर. जुन्या लिफ्टमध्ये असं साधन बहुधा नसतं, म्हणून तिथे ब्रेकचे पॅड, स्प्रिंगा आणि त्याचं उघडणं-मिटणं नियमित तपासण्याला मी दोर पाहण्याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्व देईन. केबिन मजल्याच्या पातळीशी न जुळता वर-खाली थांबू लागली, तर ती खूण ब्रेकचीही असू शकते. अशा वेळी लिफ्ट बंद करून मेकॅनिकला बोलवावं.

हायड्रॉलिक लिफ्टचं गणित निराळं. तिथे केबिन तेलाच्या दाबावर उभी असते. नळी फुटून तेल वेगाने वाहू लागलं तर एक झडप आपोआप बंद होऊन केबिन जागीच रोखते.

दोन्हींतला फरक सुटकेच्या वेळीही स्पष्ट दिसतो. ब्रेकने थांबलेली केबिन प्रशिक्षित माणूस ब्रेक हाताने हलके हलके सोडून जवळच्या मजल्याला आणू शकतो. जड बाजू खाली सरकते; ती केबिनची असेल तर केबिन खाली येते, काउंटरवेटची असेल तर वर जाते. सेफ्टी गिअर लागलेली केबिन अशी खाली आणता येत नाही. ती आधी थोडी वर उचलावी लागते, तेव्हा पाचरी सुटतात. नंतर गव्हर्नर आणि त्याचा स्विच पूर्ववत करावे लागतात. रेलवर उठलेले चावे पाहून घासून काढावे लागतात, पाचरींची झीज तपासावी लागते, आणि मुळात वेग का वाढला ते सापडल्याशिवाय लिफ्ट पुन्हा चालू करायची नसते.