टाकी भरली की मोटर बंद

“पुरुषाचंच हॉर्मोन ना? मग घेतलं की शुक्राणू वाढणारच!” मूल होत नाही म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचून घेणाऱ्यांचं हे गणित. चांगली शिकलेली माणसंही त्यात फसतात, कारण ते ऐकायला बिनतोड वाटतं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती रक्तात सोडते त्यातली दोन हॉर्मोनं इथे महत्त्वाची. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं, तर एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींना कामाला लावतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदू दोन्ही आवरती घेतो. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, तसंच. सुईतून बाहेरचं हॉर्मोन आलं की मेंदूला टाकी भरलेली दिसते आणि मोटर थांबते. खरी मेख पुढेच आहे. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. म्हणजे रक्तात पूर, वृषणात दुष्काळ. जागतिक आरोग्य संघटनेने तर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली. निष्कर्ष 1990मध्ये छापून आले.

निदानाची सुरुवात वीर्यतपासणीने. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यायचा. मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या निकषांतली खालची मर्यादा. एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत. शुक्राणू शून्य आले तर रक्त तपासतात: एफएसएच चढलेलं असेल तर बिघाड बहुधा वृषणातच, एफएसएच आणि एलएच दोन्ही तळाला आणि टेस्टोस्टेरॉन भरपूर, तर संशय सुईवर. एवढी साधी तपासणी सोडून सुनेला उपासतापास करायला लावणारी घरं अजून आहेत, आणि रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवरचे ‘मर्दानी ताकद’वाले त्यांच्याच जिवावर जगतात.

इंजेक्शन बंद केलं की मोटर सहसा पुन्हा सुरू होते, पण सावकाश. एक शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत रिपोर्ट बदलण्याची आशा नको. कधी वर्षही जातं. एलएचसारखं काम करणारं एचसीजी देऊन वृषणाला जागं करता येतं. शुक्राणू बाहेर नेणारी वाहिनीच बंद असेल तर वृषणातून शुक्राणू काढून ‘इक्सी’ करतात, म्हणजे एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचतात. ते तंत्र ब्रसेल्समधून 1992मध्ये पुढे आलं.

“काही औषधं चालू आहेत का?” या डॉक्टरांच्या प्रश्नावर पुष्कळदा “नाही” असं उत्तर येतं. जिममधलं इंजेक्शन उत्तर देणाऱ्याच्या लेखी औषध नसतंच.