नैराश्यातली सोबत : पडद्यावरच्या नटाशी जुळलेले नाते

नैराश्याच्या त्या काळात माझ्यासमोरचा चहा रोज निवून जात असे. चहा नकोसा झाला होता असे नाही. तो उचलून प्यायल्याने काही बरे वाटेल हा भरवसाच उरला नव्हता. एक गोष्ट मात्र मी न चुकता करत असे, ती म्हणजे १९६० सालच्या ‘कोहिनूर’मधला दिलीपकुमारचा सतारवादनाचा प्रसंग पाहणे. तेव्हा मला त्याची लाज वाटे. पुढे या आजाराविषयी वाचत गेल्यावर ती लाज अनाठायी होती असे माझे ठाम मत झाले.

सलग दोन आठवडे मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक तरी लक्षण असल्याशिवाय डॉक्टर नैराश्याचे निदान करत नाहीत. यातल्या दुसऱ्या लक्षणाला अ‍ॅनहेडोनिया म्हणतात. मेंदूच्या आतल्या भागात स्ट्रायटम नावाची रचना असते. सुखद गोष्टीची चाहूल लागली की डोपामिन या रसायनाच्या साहाय्याने ती आपल्याला त्या गोष्टीकडे ओढून नेते. नैराश्य आलेल्यांच्या मेंदूचे चित्रण केले असता ही रचना अनेकदा मंद प्रतिसाद देताना आढळते. सुख मिळण्याआधीची ओढच अशी सैल पडली, की नवा सिनेमा लावणेही डोंगराएवढे काम होऊन बसते. शिवाय नवी पात्रे आणि नवी कथा लक्षात ठेवायला जी एकाग्रता लागते, तीही या आजारात खचलेली असते. शंभरदा पाहिलेला प्रसंग मात्र मनाकडून फारसे काही मागत नाही.

पण ओळखीचा प्रसंग आणि ओळखीचा माणूस यांत फरक आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली असे मांडले, की पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे जे एकतर्फी नाते जुळते, त्यात खऱ्या ओळखीतली बरीचशी जवळीक असते. मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. शेजारच्या काकांना अहोजाहो करणारे आपण ज्याला कधी भेटलो नाही त्या नटाला मात्र बिनदिक्कत एकेरीत हाक मारतो, आणि त्यात अनादर नसतो, घरोबा असतो. अमेरिकेतच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःविषयी हलके मत असलेल्या लोकांना आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीविषयी लिहायला सांगितले, तेव्हा त्यांना आपण आपल्या मनातल्या आदर्श ‘मी’च्या थोडे जवळ आहोत असे वाटले. नैराश्यात आपल्या नालायकीची खात्री पटलेली असते आणि माणसे नाकारतील या धास्तीने फोनही उचलवत नाही. पडद्यावरचा नट नाकारत नाही, आणि जुन्या काळातला असेल तर तो बदलतही नाही.

याला मर्यादा आहेत, आणि त्या गंभीर आहेत. चाहतेपणाचे वेड झाले, नटाचे आयुष्य हेच आपले आयुष्य होऊन बसले, तर त्याचा संबंध अधिक चिंतेशी आणि अधिक नैराश्याशी आढळला आहे. यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे मात्र अशा पाहणीवरून ठरवता येत नाही. मला औषधांनी आणि समुपदेशनाने बरे केले, सिनेमाने नव्हे. मरणाचे विचार येऊ लागले तर कुठल्याही नटाच्या भरवशावर थांबू नये; ‘टेलि मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

तरीही माझी निवड दिलीपकुमारचीच का, याचा उलगडा मला उशिरा झाला. एकामागून एक शोकांत भूमिका केल्यावर ते दुःख त्याच्या स्वतःच्या मनात उतरू लागले होते. त्याने लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला, आणि हलक्याफुलक्या भूमिका करण्याचे त्या तज्ज्ञाचे म्हणणे मानले. १९५५ चा ‘आझाद’ आणि नंतरचा ‘कोहिनूर’ त्याच वळणावरचे. ज्या काळात मनाच्या आजाराचे नाव घरातही कुजबुजत घेतले जाई, त्या काळात एवढा मोठा नट तज्ज्ञाकडे गेला आणि पुढे त्याविषयी मोकळेपणाने बोलला, हे मला त्याच्या अभिनयाइतकेच मोठे वाटते.

मानसोपचारात बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची एक पद्धत आहे. मन लागेपर्यंत थांबायचे नाही, आधी लहानशी कृती करायची आणि मन मागून येऊ द्यायचे, असा तिचा क्रम असतो. ‘कोहिनूर’साठी दिलीपकुमारने सतार शिकून घेतली होती, हे ऐकले तेव्हा मला हाच क्रम आठवला. माझी कृती त्याहून कितीतरी लहान होती. एका दुपारी प्रसंग सुरू होण्याआधी मी चहा स्वतः उकळला, कप घेऊन बसलो, आणि त्याची बोटे तारांवरून फिरत असताना, निवण्याआधी, अर्धा कप प्यायलो.