सरावाची चाके (सायकल)

रस्त्यावरच्या शर्यतींत उतरणारे सायकलपटू रोजच्या सरावाला जी जड, दणकट चाके वापरतात त्यांना सरावाची चाके म्हणतात. शर्यतीची हलकी चाके वेगळी राखून ठेवलेली असतात. सरावाच्या चाकाला बहुधा अ‍ॅल्युमिनियमची रिम, ३२ किंवा ३६ स्पोक आणि ट्यूबवाला जाड टायर असतो. शर्यतीच्या चाकाला स्पोक कमी आणि रिम बहुतेकदा कार्बनची.

जड चाकांवर सराव केला की पाय जास्त कमावले जातात, हा समज जुना आहे, पण हिशेबात तो टिकत नाही. वेग घेताना रिमवरचे वजन जवळजवळ दुप्पट भरते, कारण ते पुढे न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. तरी स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर रिममधल्या अर्ध्या किलोचा भार सव्वा टक्क्याच्या आसपासच येतो. घाट एका लयीत चढताना ही दुप्पटही उरत नाही. तासाभराच्या खड्या चढावर फार तर वीसेक सेकंद जातात. सपाटीवर तर वजनापेक्षा हवाच जास्त अडवते. पाय तयार होतात ते किती जोर किती वेळ लावला यावर. तेवढाच जोर लावला तर जड चाकांवर माणूस किंचित हळू जातो, इतकेच.

या चाकांचे खरे मोल टिकण्यात आहे. ३६ पैकी एक स्पोक तुटला तर चाक थोडे आउट होते, म्हणजे डगमगत फिरते. ब्रेक जरा सैल करून घर गाठता येते आणि साध्या दुकानातही नवा स्पोक घालून आउट काढून मिळतो. वीस स्पोकांच्या चाकात एक गेला की रिम लगेच ब्रेकला घासू लागते, आणि तसा स्पोक सहज मिळतही नाही. शिवाय रिम ब्रेक (रिमवरच रबर दाबून थांबवणारा) असला की पावसाळ्यात चिखल-वाळूने रिमची भिंत झिजत जाते. ती झीज स्वस्त रिमवर गेलेली परवडते.

फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांच्या पॅरिस–रूबे शर्यतीत नामवंतही दीर्घकाळ ३२ स्पोकांची साधी चाकेच लावत. २०१० मध्ये मात्र स्विस सायकलपटू फाबियान कान्सेलारा तिथे कार्बन रिमवर जिंकला.

रिम ब्रेक असेल तर सरावाची चाके काढून कार्बनची लावताना ब्रेकचे रबरही बदलावे लागतात: अ‍ॅल्युमिनियमचे कण रुतलेले जुने रबर कार्बनला ओरखडे पाडतात. शर्यतीच्या चाकाची रिम उंच असली तर आडव्या वाऱ्यात ती पुढचे चाक ओढते, म्हणून शर्यतीआधी काही दिवस ती चाकेही चालवून पाहावीत.