घारापुरीचं मुख्य लेणं की वेरूळचं धुमार लेणं?

खांबांचा फोटो बघून घारापुरी समजावं आणि ते वेरूळचं २९ क्रमांकाचं, म्हणजेच धुमार लेणं निघावं, असं वारंवार होतं. चूक साहजिक आहे. दोन्ही शैव लेणी साधारण सहाव्या शतकातली, एकाच काळ्या बेसाल्टात खोदलेली. उशीसारख्या गोल शिराचे जाडजूड खांब दोन्हीकडे आहेत. चार दारांचा गाभारा, प्रत्येक दाराशी दोन उंच द्वारपाल आणि आत शिवलिंग, हेही सारखंच. रावणाने हलवलेला कैलास, अंधकासुरवध, शिवपार्वतीविवाह, सारीपाट, नटराज हे शिल्पपटसुद्धा तेच.

खरा फरक आत शिरल्यावर समोर काय दिसतं त्यात आहे. घारापुरीला उत्तरेकडून आत गेलं की नजर थेट दक्षिणेच्या भिंतीवरच्या सदाशिवावर, म्हणजे तीन मुखांच्या भव्य शिवमूर्तीवर जाते. लिंगाचा गाभारा या रेषेत नाही, तो उजवीकडे, पश्चिमेला आहे. म्हणजे इथे दोन अक्ष आहेत: एक मूर्तीचा, एक लिंगाचा. धुमार लेण्यात पश्चिमेच्या दारातून सरळ समोर गाभाराच येतो. सदाशिवाचा पट तिथे नाहीच. फोटोत तो दिसला की घारापुरी, दुसरा विचार नको.

सदाशिवाच्या या साडेपाच मीटरच्या मूर्तीला 'त्रिमूर्ती' म्हणून ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, ते चूक आहे. तिन्ही मुखं शिवाचीच. आपल्या डावीकडचा अघोर: मिशा, कपाळाला आठ्या, हातात नाग. मधला शांत तत्पुरुष. उजवीकडचा वामदेव, चेहरा कोवळा, हातात कमळ. शेजारी डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर.

पायऱ्यांशी बसलेले सिंह ही धुमार लेण्याची खूण सांगतात, पण जपून: घारापुरीच्या पूर्वेकडच्या उपमंदिरापाशीही सिंह आहेत. त्यापेक्षा रावणाचा पट बघा. घारापुरीत रावण जवळपास फुटून गेला आहे. धुमार लेण्यात तो ठसठशीत आहे, आणि त्याला ढुंगण दाखवून चिडवणारा एक बुटका गणही सापडतो. हा गण जरूर शोधा.

घारापुरी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. धुमार लेण्याचं तोंड पश्चिमेला असल्याने तिथे दुपारनंतर जावं, तेव्हा ऊन आतपर्यंत येतं. पावसाळ्यात शेजारी सीतेच्या न्हाणीचा धबधबा कोसळतो आणि वाट निसरडी होते.