प्रमाणित मार्ग आणि ‘लेबल’ची शर्यत: पुढची मॅरेथॉन निवडताना होणारी गल्लत

पावसाचा जोर ओसरला की नाशिकच्या गंगापूर रोडवर पहाटे धावणाऱ्यांच्या बोलण्यात एकच विषय असतो: यंदा कुठली मॅरेथॉन धावायची. सोमेश्वरपर्यंतची फेरी संपवून चहाच्या टपरीवर थांबल्यावर कोणीतरी मोबाइलवर एखाद्या नव्या शर्यतीचे पोस्टर दाखवतो आणि दुसरा विचारतो, “सर्टिफाइड आहे ना? मुंबईसारखी?” या एका प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. शर्यतीचा मार्ग मोजून प्रमाणित केलेला असणे ही एक, आणि शर्यतीला वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेचे लेबल असणे ही दुसरी. या दोहोंमध्ये गल्लत केल्यामुळे मी स्वतः जवळजवळ वर्षभर एका चुकीच्या समजुतीत राहिलो, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

काही वर्षांपूर्वी मी एका हाफ मॅरेथॉनमध्ये एक तास ५८ मिनिटांत शर्यत संपवली. दोन तासांच्या आत हाफ, हे माझे कित्येक महिन्यांचे स्वप्न होते. पोस्टरवर ‘सर्टिफाइड’ असे ठळक छापलेले होते, पण कोणी आणि काय प्रमाणित केले याचा उल्लेख नव्हता. घड्याळात अंतर २०.४ किलोमीटर दिसत होते. जीपीएस चुकले असेल असे म्हणून मी ते सोडून दिले. जानेवारीत मुंबईला हाफ धावलो तेव्हा दोन तास पाच मिनिटे लागली, आणि सगळा दोष मी तिथल्या दमट हवेवर ठेवला. पुढे कधीतरी गटातल्या इतरांच्या नोंदी पाहिल्या, तर त्या पहिल्या शर्यतीत प्रत्येकाच्या घड्याळात २०.३ ते २०.५ च्या दरम्यानच आकडा होता. हाफचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. माझ्या त्या दिवसाच्या वेगाने राहिलेल्या सातशे मीटरला चार मिनिटे लागली असती. म्हणजे दोन तासांच्या आतला तो हाफ कधी झालाच नव्हता.

मार्ग प्रमाणित असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी तो मोजतात कसा ते पाहिले पाहिजे. मोटारीच्या किंवा मोबाइलच्या आकड्यावरून हे काम होत नाही. ते होते साध्या सायकलवरून. पुढच्या चाकाच्या आसाजवळ ‘जोन्स काउंटर’ नावाचा छोटा मोजक बसवलेला असतो आणि चाकाच्या एका फेऱ्यात त्याचे वीसहून अधिक आकडे पुढे सरकतात, म्हणजे एक आकडा साधारण नऊ सेंटिमीटरचा. मोजणीआधी सरळ, सपाट रस्त्यावर पोलादी टेपने किमान तीनशे मीटरचा पट्टा आखून त्यावरून सायकल चार वेळा नेतात आणि एका किलोमीटरला किती आकडे पडतात हे काढतात. मार्ग मोजून झाल्यावर त्याच पट्ट्यावर पुन्हा चार फेऱ्या होतात, कारण ऊन चढले की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर किंचित बदलतो. हिवाळ्यात नाशिकला पहाटे हात गारठतात आणि दहा वाजता उन्हाचा चटका बसतो; अशा दिवशी हा फरक आकड्यांमध्ये स्पष्ट उतरतो.

मोजणारा सायकल रस्त्याच्या मधोमध चालवत नाही. धावपटूला जो सर्वांत जवळचा मार्ग घेता येईल, त्या रेषेवरून तो जातो: वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर ठेवून, आणि दोन वळणांच्या मध्ये सरळ तिरके. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरला जातो. म्हणून प्रमाणित फुल मॅरेथॉन प्रत्यक्षात ४२.१९५ किलोमीटरपेक्षा साधारण ४२ मीटरने लांब आखलेली असते. सामान्य धावपटू ती नेमकी रेषा धरत नाही. पाण्याच्या टेबलाकडे वळतो, गर्दीतून बाजूने निघतो. त्यामुळे घड्याळात ४२.५ किंवा ४२.७ दिसले तर काळजीचे कारण नसते. घड्याळात अंतर ठळकपणे कमी दिसले, आणि तेही अनेकांच्या, तर मात्र आयोजकांना विचारलेच पाहिजे.

ही मोजणी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स आणि ‘एम्स’ यांची मान्यता असलेला मोजणीकार करतो. ही ‘एम्स’ म्हणजे १९८२ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन व लांब पल्ल्याच्या शर्यतींची संघटना. प्रमाणपत्र एका ठरावीक मार्गाचे आणि एका ठरावीक अंतराचे असते आणि ते पाच वर्षे चालते. मार्गात बदल झाला तर ते त्या मार्गाला लागू राहत नाही. एकाच सकाळी फुल, हाफ आणि दहा किलोमीटर अशा तीन शर्यती होत असतील, तर फुल प्रमाणित आहे म्हणून हाफही प्रमाणित आहे असे धरून चालता येत नाही. नाशिककरांपैकी बहुतेक जण हाफ धावतात, म्हणून ही बाब मी मुद्दाम सांगतो.

लेबल ही वेगळी गोष्ट आहे. ती रस्त्याची परीक्षा नसून संपूर्ण शर्यतीला दिलेला दर्जा आहे. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने, तेव्हाच्या आयएएएफने, ही पद्धत २००८ मध्ये सुरू केली. आज प्लॅटिनम, गोल्ड, एलिट आणि साधे लेबल अशा तिच्या पायऱ्या आहेत. नामवंत धावपटूंचा सहभाग, उत्तेजक द्रव्यांची चाचणी, वाहतूक बंद ठेवलेला रस्ता, वैद्यकीय व्यवस्था, इलेक्ट्रॉनिक वेळनोंद अशा अनेक अटी त्यात येतात, आणि मार्ग मान्यताप्राप्त मोजणीकाराकडून मोजलेला असणे ही त्यांतली एक अट. म्हणून लेबल असलेल्या शर्यतीचा मार्ग मोजलेला असतोच. उलट मोजलेल्या मार्गाच्या कितीतरी शर्यतींना लेबल नसते आणि त्यामुळे त्या कुठेही उण्या ठरत नाहीत. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनला गोल्ड लेबल आहे. तिथे पुढे धावणाऱ्या केनिया-इथिओपियाच्या धावपटूंसाठी लेबलला मोठा अर्थ आहे, कारण जागतिक क्रमवारीतले गुण शर्यतीच्या दर्जाशी बांधलेले असतात. साडेचार-पाच तासांत पोहोचणाऱ्या आपल्यासारख्यांना लेबलमुळे चांगली व्यवस्था मिळते. ती मोलाची आहे, पण तिच्यामुळे आपली वेळ जास्त खरी होत नाही.

आपली वेळ खरी ठरते ती मोजलेल्या मार्गामुळे. बोस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेसाठी प्रमाणित मार्गावरची वेळ लागते. शर्यतीला लेबल असण्याची अट नाही. २०२६ च्या शर्यतीसाठी ४५ ते ४९ वयाच्या पुरुषांना तीन तास १५ मिनिटे आणि स्त्रियांना तीन तास ४५ मिनिटे ही मर्यादा होती. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या कविता राऊत यांचे उदाहरणही इथे आठवते. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचे कांस्यपदक मिळवलेल्या कविताताईंनी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेतील मॅरेथॉन दोन तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकली, आणि त्या वेळेने त्यांना रिओ ऑलिंपिकचे दार उघडले. मार्ग कमी भरला असता तर ती मेहनत कागदावर शून्य झाली असती, हा विचार मला अस्वस्थ करतो.

ही भीती कल्पनेतली नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षे ३८० मीटर कमी होता, हे पुढच्या वर्षी फेरमोजणीत उघड झाले आणि हजारो धावपटूंच्या वेळा बाद ठरल्या. उलट २०२१ मध्ये ब्रायटनची मॅरेथॉन ५६८ मीटर जास्त भरली. म्हणजे मार्ग मोजणे आणि शर्यतीच्या दिवशी तो तसाच मांडणे, ही दोन्ही कामे नीट व्हावी लागतात. पहाटेच्या अंधारात एखाद्या स्वयंसेवकाने यू-टर्नची जागा दाखवणारा प्लॅस्टिकचा शंकू पन्नास मीटर अलीकडे ठेवला, तर जाऊन-येऊन शंभर मीटर गेले, आणि प्रमाणपत्र आयोजकांच्या फाइलमध्ये असले तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

प्रमाणपत्राचीही एक मर्यादा लक्षात घ्यावी. ते अंतराची हमी देते, मार्गाच्या स्वभावाची नाही. विश्वविक्रमासाठी आणखी दोन अटी असतात: सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नसावे, आणि एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नसावा. बोस्टनचा मार्ग काटेकोर मोजलेला आहे, पण तो एका गावातून निघून उतरत शहरात येतो. म्हणून २०११ मध्ये केनियाच्या जेफ्री मुताई यांनी तिथे दोन तास तीन मिनिटे दोन सेकंदांत शर्यत संपवूनही तो विश्वविक्रम धरला गेला नाही. आपल्याकडे समजा उद्या कोणी त्र्यंबकेश्वराहून नाशिकपर्यंत शर्यत ठेवली, तर ती सेंटिमीटरपर्यंत मोजता येईल, तरी या अटींत बसणार नाही. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात चढते आणि त्याच रस्त्याने उतरते. तिथली वेळ मुंबईच्या हाफशी ताडून पाहणे हा त्या घाटावर अन्याय आहे. पावसात भिजलेला तो चढ अनुभवण्यासाठीच साताऱ्याला जावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

म्हणून पुढची शर्यत ठरवताना आधी आपल्याला तिच्याकडून काय हवे ते ठरवावे. वेळ नोंदवायची असेल, आधीच्या वेळेशी तुलना करायची असेल किंवा ती वेळ दुसऱ्या शर्यतीच्या अर्जात लावायची असेल, तर लेबल बाजूला ठेवून प्रमाणपत्र मागावे. ‘सर्टिफाइड आहे का’ असे न विचारता ‘माझ्या अंतराचा मार्ग कोणी मोजला, कोणत्या साली मोजला आणि तेव्हापासून मार्ग बदलला आहे का’ असे तीन प्रश्न आयोजकांना लिहून पाठवावेत. ज्यांनी खरोखर मोजणी करून घेतली आहे ते उत्तर देताना घुटमळत नाहीत. प्रमाणपत्राची प्रतही पाठवतात. प्रवेश शुल्क भरण्याआधी हे करावे, बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, हातात आल्यावर नव्हे.

यंदा मी हे तीन प्रश्न दोन ठिकाणी पाठवले. एकाकडून दुसऱ्याच दिवशी मार्गाचा नकाशा आणि मोजणीचा दाखला आला. दुसऱ्याकडून उत्तर आले, “सर, आपला मार्ग गूगल मॅपवर तपासलेला आहे.” पहिल्या शर्यतीसाठी मी नाव नोंदवले आहे आणि गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर रविवारच्या लांब धावा सुरू केल्या आहेत. दोन तासांच्या आतला हाफ अजून व्हायचा आहे.