दोरी घेतली म्हणून बोट जात नाही

‘बंद पडलेल्या बोटीवर ओढून नेण्यासाठी दुसऱ्याची दोरी घेतली, की बोट त्याच्या मालकीची होते.’ अमेरिकेत हौसेने बोट चालवणाऱ्यांमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा नाही, पण त्याचं मूळ कायद्यातच आहे.

संकटातली बोट वाचवणाऱ्याला समुद्री कायद्यानुसार मोबदला मागता येतो. याला सॅल्व्हेज म्हणतात. त्यासाठी बोट खरोखर धोक्यात हवी, मदत करणारा त्या कामाला आधीपासून बांधील नको आणि मदतीचा उपयोग झालेला हवा. सॅल्व्हेजच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हा मोबदला वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीहून जास्त नसतो. मालकाने रास्त कारणाने स्पष्ट नकार देऊनही केलेल्या मदतीचे पैसे मिळत नाहीत. मालकी तुमचीच राहते. मात्र रक्कम मोठी असू शकते आणि वसुलीसाठी बोट कायद्याने अडकवताही येते. गैरसमज बहुधा इथूनच पसरला.

शांत पाण्यात इंधन संपलं किंवा बॅटरी उतरली, तर ते साधं टोइंग, म्हणजे बोट नुसती ओढून नेणं. टोइंग कंपनीचं वार्षिक सदस्यत्व यासाठीच असतं. बोट खडकावर चढली किंवा पाणी आत शिरू लागलं, की सहसा विम्याकडे जावं लागतं.

म्हणून जीव धोक्यात नसेल तर दोरी बांधण्याआधी विचारा: ‘हे टोइंग आहे की सॅल्व्हेज? दर काय?’ उत्तर लेखी घ्या. सॅल्व्हेजचा खर्च कुठवर मिळेल, हे आपल्या विमा पॉलिसीत आजच वाचून ठेवा.